जमा

शनिवारी दाभाडे मॅडम येतात परतवाड्याहून,
स्कूटीच्या पायदानावर माती काढायचा गिरमिट आडवा.
मिशन हायस्कूलच्या बारावीतली अकरा पोरं
त्यांच्यामागे बांधापर्यंत जातात
आणि दुपारी परततात ती कॉलेजात जाऊन आल्यासारखी,
नखांत काळी माती, चालण्यात थोडा भाव.

मी ऑफिसात. ओहोळ बाबू.
बत्तीस वर्षं हीच खुर्ची, एक हात सुतळीनं बांधलेला.
माझं काम एवढंच:
नाव, जन्मतारीख, विषय,
आणि शेवटच्या रकान्यात
क्रेडिट, चार.

क्रेडिट म्हटलं की आमच्याकडे लोक
जयस्वालच्या किराणा दुकानाकडे बघतात.
सगुणा कासदेकरच्या आईनं सही करता करता पेन थांबवला,
"बाबू, हे फेडाचं कधी?"
म्हटलं, बाई, इथं उलटं आहे.
पोरगी अजून शाळेत, पण कॉलेजचा एक विषय आत्ताच सुटतो.
उद्या ती बीएस्सीला गेली
तर कॉलेजच तिचं चारनं देणं लागेल.
ती हसली नाही.
"पुन्हा एकडाव वाचून दाखवा," म्हणाली.

खातं उघडायला दोन शनिवार गेले.
ओटीपी जायचा मामाच्या फोनवर
आणि मामा बैतूलकडे वीटभट्टीवर.
शेवटी मामानं फोन करून आकडे सांगायचे ठरलं,
सगुणा चढली पाण्याच्या टाकीवर, तिथे दोन काड्या रेंज येते,
आणि वरून ओरडली, सात! शून्य! शून्य! तीन!
मधे लाजर शिपाई, तो खिडकीतून मला ओरडला.
नेमकी तेव्हाच उपासनेची घंटा झाली
आणि पाचवा आकडा
चिंचेत कुठेतरी अडकला.

त्या दिवशी बाईंनी दाखला वाचला तो रुपयांचा.
धनी परगावी जातो, चाकरांना रुपये वाटून देतो,
एक जण आपला वाटा जमिनीत पुरून ठेवतो.
बत्तीस वर्षं ऐकतोय.
दरवेळी या ओळीला माझी नजर
आपल्याच चपलांवर जाते.
माझं बी.ए. सहा गुणांनी राहिलं, अर्थशास्त्रात.
पुढच्या साली बसू म्हटलं, तर वडिलांना लकवा,
मग ही खुर्ची, मग सुतळी.
जे पाच विषय सुटले होते
ते कुठे जाऊन पडतात, हे कोणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

सगुणानं शाळेमागे खड्डा घेतला, वीतभर, दोन्ही बाजूंनी तिरपा.
"वरचा पालापाचोळा घ्याचा नाही जी," मला शिकवत होती,
"तो वाऱ्यानं आलेला असते. खालची माती खरं सांगते."
बशीत चिमूटभर घेऊन तिनं ऍसिडचा थेंब सोडला.
माती फसफसली.
लाजर दोन पावलं मागे सरला.
"चुना हाय," ती म्हणाली,
जशी एखादी सुईण म्हणते, मुलगी हाय.

मार्चात निकाल लागला त्या विषयाचा.
मी रकाना भरला. चार.
ती टेबलाशी उभी,
"सर, हे जमा झालेलं किती दिवस राह्यते?"
सात वर्षं.
तिनं बोटं मोजायला घेतली.
मी बघत होतो कुठल्या बोटाशी थांबते,
कुठे धाकट्या भावाची फी, कुठे मामाची भट्टी,
कुठे पाव्हणे येऊन चहा पिऊन जातात.
पाचव्यानंतर तिनं दुसरा हात वर केला.
"पुरते," म्हणाली,
आणि गिरमिट धुवायला नळावर गेली.

पाच वाजता, कुलूप लावायच्या आधी,
मी त्याच फॉर्मवर माझं नाव टाईप केलं.
जन्मतारीख विचारली, टाकली.
विषय विचारला.
बाहेर लाजर सायकलची घंटी वाजवत, बाबू, चला ना जी.
'अर्थ' एवढंच लिहून झालं होतं.
मी पुसलं नाही.
बसून राहिलो,
पडदा आपसूक काळा होईपर्यंत.